ब्रिस्बेन : नदीकाठचं हे शहर इतक्या वेगाने का वाढतंय आणि त्याची किंमत कोण मोजतंय?

१९ जानेवारी २०२१. अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली भारताने ब्रिस्बेनच्या 'गाबा' मैदानावर ऑस्ट्रेलियाला हरवून मालिका जिंकली. या मैदानावर १९८८ नंतर ऑस्ट्रेलियाने एकही कसोटी गमावली नव्हती. आपल्याकडे अनेकांना ब्रिस्बेन हे नाव माहीत आहे ते या सामन्यामुळेच.

तेच गाबा आता पाडलं जाणार आहे. २०३२ चं ऑलिम्पिक ब्रिस्बेनमध्ये होणार असून, त्यासाठी शहरात दुसरीकडे नवं स्टेडियम उभं राहणार आहे. स्पर्धा संपल्यावर गाबाच्या जागेवर घरं बांधण्याची योजना आहे. कारण या शहरात सध्या सगळ्यात मोठा तुटवडा घरांचाच आहे.

ब्रिस्बेन हे ऑस्ट्रेलियातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर. मोकळी जागा, उबदार हवा आणि नदीकाठ, या तीन गोष्टींसाठी लोक इथे येतात. पण जितके लोक येतायत, तितकी मोकळी जागा कमी होतेय आणि नदीकाठ धोक्याचा ठरतोय. हे नेमकं काय गणित आहे, ते समजून घेऊ.

ब्रिस्बेन आहे कुठे?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर क्वीन्सलँड नावाचं राज्य आहे. ब्रिस्बेन ही त्याची राजधानी. शहर साधारण २७ अंश दक्षिण अक्षांशावर आहे, म्हणजे उपोष्ण पट्ट्यात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा इथला उन्हाळा. तो दमट असतो आणि वर्षातला बराचसा पाऊस याच काळात पडतो. हिवाळा कोरडा आणि सौम्य. जून-जुलैमध्येही दुपारचं तापमान २० अंशांच्या वर जातं.

शहराच्या मधून ब्रिस्बेन नदी वाहते. ती सरळ जात नाही, एकामागून एक वळणं घेत मोर्टन उपसागराला मिळते. त्यामुळे नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन वस्त्यांमध्ये जायला कधी कधी लांबचा पूल गाठावा लागतो.

टुर्बल आणि यगेरा या आदिवासी समाजांची ही भूमी. मध्यवर्ती भागाचं त्यांच्या भाषेतलं नाव मियानजिन. १८२५ मध्ये ब्रिटिशांनी इथे कैद्यांची वसाहत वसवली आणि न्यू साऊथ वेल्सचे तेव्हाचे गव्हर्नर सर थॉमस ब्रिस्बेन यांचं नाव नदीला आणि गावाला मिळालं. १८४२ मध्ये सामान्य लोकांना इथे राहण्याची परवानगी मिळाली. १८५९ मध्ये क्वीन्सलँड वेगळं झालं आणि ब्रिस्बेन त्याची राजधानी झाली.

'मोठं खेडं' महानगर कसं झालं?

सिडनी आणि मेलबर्नचे लोक बराच काळ ब्रिस्बेनला 'मोठं खेडं' म्हणून चिडवत. त्यात तथ्यही होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरातल्या कितीतरी घरांना ड्रेनेजची जोडणी नव्हती. शौचालय घराबाहेर परसात असायचं आणि अनेक रस्त्यांवर डांबर नव्हतं.

हे चित्र बदललं ते १९६१ ते १९७५ या काळात लॉर्ड मेयर असलेल्या क्लेम जोन्स यांच्या कारकिर्दीत. शहरभर ड्रेनेजचं जाळं टाकलं गेलं, रस्ते पक्के झाले. पण याच काळात ट्रामही बंद झाली. शेवटची ट्राम एप्रिल १९६९ मध्ये धावली. त्यानंतर शहर मोटारींच्या हिशोबाने वाढत गेलं.

इथली महापालिका हा वेगळाच प्रकार आहे. ऑस्ट्रेलियातली बाकीची मोठी शहरं अनेक छोट्या स्थानिक परिषदांमध्ये विभागलेली आहेत. ब्रिस्बेनमध्ये १९२५ साली आजूबाजूच्या छोट्या संस्था एकत्र करून एकच महापालिका करण्यात आली. आज तिच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक लोक राहतात. लोकसंख्येच्या दृष्टीने ही देशातली सगळ्यात मोठी महापालिका. शहरातल्या बसही तीच चालवते. कुठे किती मजले चढवायचे, कुठली वस्ती बैठीच ठेवायची, हे शहराच्या मोठ्या भागासाठी एकाच ठिकाणी ठरतं.

शहराचा चेहरा बदलणारी पुढची घटना म्हणजे १९८८ चं जागतिक प्रदर्शन, 'एक्स्पो ८८'. नदीच्या दक्षिण काठावरची जुनी गोदामं आणि कारखान्यांची जागा त्यासाठी घेतली गेली. सहा महिन्यांत दीड कोटींहून अधिक वेळा लोकांनी तिथे हजेरी लावली. प्रदर्शन संपल्यावर ही मोक्याची जमीन बिल्डरांकडे जाणार, असं दिसत होतं. लोकांनी विरोध केला आणि १९९२ मध्ये तिथे साऊथ बँक हे सार्वजनिक उद्यान खुलं झालं. नदीकाठी वाळू टाकून केलेला समुद्रकिनारा, पोहण्याचा तलाव, झाडं, आणि प्रवेश मोफत. आज शहराच्या जाहिरातीत हमखास दिसणारी जागा हीच.

मात्र एक्स्पोच्या आधी शेजारच्या वेस्ट एन्ड भागात भाडी वाढली आणि स्वस्त खोल्यांमध्ये राहणाऱ्या गरीब भाडेकरूंना बाहेर पडावं लागलं. ऑलिम्पिकच्या निमित्ताने आज ही आठवण पुन्हा काढली जाते.

लोक इथे का येतायत?

२०२१ च्या जनगणनेत बृहन् ब्रिस्बेनची लोकसंख्या २५ लाखांहून अधिक होती. त्याच वर्षी 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट'च्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत ब्रिस्बेन दहाव्या क्रमांकावर होतं.

कोव्हिडच्या काळात सिडनी आणि मेलबर्नमध्ये लांबलचक लॉकडाऊन होते. घरून काम सुरू झालं, तसे तिथले हजारो लोक क्वीन्सलँडकडे निघाले. हवा चांगली, घरं तुलनेने स्वस्त आणि समुद्रकिनारे तासाभराच्या अंतरावर. परदेशातून येणारे विद्यार्थी आणि कामगार यांची त्यात भर पडली. यात भारतीयांचं प्रमाण मोठं आहे. २०२४ मध्ये भारताने इथे स्वतःचा वाणिज्य दूतावास सुरू केला, यावरूनच अंदाज येतो.

दक्षिणेला गोल्ड कोस्ट, उत्तरेला सनशाइन कोस्ट आणि मध्ये ब्रिस्बेन असा हा सलग पट्टा झाला आहे. राज्य सरकारच्या २०२३ च्या प्रादेशिक आराखड्यानुसार, २०४६ पर्यंत या पट्ट्यात आणखी सुमारे २२ लाख लोक येतील. त्यांच्यासाठी जवळपास ९ लाख नवी घरं लागतील.

ही घरं कुठे बांधायची, या प्रश्नाचं उत्तर शोधताना आधी नदीकडे पाहावं लागतं.

नदी किती वेळा शहरात आली?

शहराच्या मध्यभागी नदीची पातळी मोजली जाते. चार मोठ्या पुरांचे आकडे पाहा:

• फेब्रुवारी १८९३ : ८.३५ मीटर
• जानेवारी १९७४ : ५.४५ मीटर
• जानेवारी २०११ : ४.४६ मीटर
• फेब्रुवारी २०२२ : ३.८५ मीटर

१८९३ मध्ये एकाच महिन्यात तीन पूर आले. व्हिक्टोरिया पुलाचा मोठा भाग वाहून गेला. 'पलुमा' नावाची युद्धनौका नदीतून थेट बोटॅनिक गार्डनमध्ये जाऊन बसली आणि पुढच्या पुराच्या पाण्यावर तरंगत परत नदीत आली.

१९७४ च्या पुराने शहर हादरलं. त्यानंतर शहराच्या वरच्या अंगाला वायव्हेनहो धरण बांधण्यात आलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते पूर्ण झालं. या धरणाची दोन कामं आहेत. एक, शहराला पिण्याचं पाणी देणं. दोन, पूर अडवणं. पाणीपुरवठ्याचा साठा १०० टक्के भरल्यावरही वर मोठी जागा रिकामी ठेवलेली असते. पुराचं पाणी त्या जागेत अडवून हळूहळू सोडायचं, अशी योजना.

धरण झालं आणि लोकांना वाटलं, आता पूर येणार नाही. १९७४ नंतर जवळपास ३७ वर्षं तसा मोठा पूर आलाही नाही. सखल भागांत घरं, गाळे, अपार्टमेंट उभी राहिली.

मग धरण असूनही २०११ मध्ये पूर का आला?

याची दोन कारणं आहेत. पहिलं भूगोलाचं. ब्रिस्बेन नदीच्या पाणलोट क्षेत्रापैकी साधारण निम्माच भाग वायव्हेनहोच्या वर येतो. लॉकयर क्रीक आणि ब्रेमर नदी धरणाच्या खाली येऊन मिळतात. तिथे पडलेला पाऊस धरण अडवूच शकत नाही.

दुसरं कारण धरणाच्या दुहेरी कामाचं. पिण्यासाठी ते भरलेलं हवं आणि पुरासाठी रिकामं. २०११ च्या आधीची काही वर्षं शहराने भीषण दुष्काळ पाहिला होता. २००७ मध्ये धरणांतला साठा १७ टक्क्यांच्याही खाली गेला होता. माणशी दिवसाला १४० लिटरच पाणी वापरा, अशी मोहीम सरकारने राबवली. अंघोळ चार मिनिटांत उरका म्हणून घरोघरी वेळ मोजणारी छोटी यंत्रं वाटली गेली. लोकांनी ते मनावर घेतलं आणि वापर १४० लिटरच्या खाली आणून दाखवला. समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्पही याच काळातला.

असा दुष्काळ सोसलेल्या शहराला धरणातलं पाणी सोडून देणं जिवावर येणारच. जानेवारी २०११ मध्ये वायव्हेनहोचा साठा, पूर अडवण्याची जागा धरून, १९० टक्क्यांपर्यंत गेला आणि मोठा विसर्ग करावा लागला. पाणी आधीच का सोडलं नाही, यावरून हजारो पूरग्रस्तांनी खटला भरला. २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. राज्य सरकार आणि सनवॉटर या सरकारी कंपनीने ४४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड केली. पण धरण चालवणारी सीक्वॉटर ही सरकारी संस्था अपिलात गेली आणि २०२१ मध्ये जिंकली.

२०२२ चा पूर आणखी वेगळा होता. तीन दिवसांत शहरातच ६५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. नदीची पातळी २०११ पेक्षा कमी राहिली, पण शहरातले ओढे फुगले आणि नदीपासून दूर असलेल्या वस्त्यांमध्येही पाणी शिरलं. आपण नदीकाठी राहत नाही, म्हणजे सुरक्षित आहोत, हा समज तेव्हा मोडला.

जुनी घरं खांबांवर का होती?

ब्रिस्बेनच्या जुन्या घरांना 'क्वीन्सलँडर' म्हणतात. लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर, भोवती रुंद व्हरांडा आणि सगळं घर खांबांवर उचललेलं. खालून वारा खेळायचा, वाळवी लवकर लागायची नाही आणि पाणी आलं तर बऱ्याचदा खालून निघून जायचं. एअर कंडिशनर नसलेल्या काळात दमट उन्हाळ्यावरचं हे साधं उत्तर होतं.

पुढे जागा कमी पडू लागली, तशी लोकांनी खांबांमधली मोकळी जागा भिंती घालून बंद केली. तिथे बेडरूम झाल्या, भाडेकरू आले. पुढच्या पुरांत सगळ्यात आधी बुडाल्या त्या याच खोल्या.

२०२२ नंतर राज्य आणि केंद्र सरकारने मिळून ७४.१ कोटी डॉलरचा निधी उभारला. त्यातून तीन प्रकारची मदत मिळाली: घर पुन्हा उंचावर उचलणं, पाण्याने खराब न होणारं साहित्य वापरून दुरुस्ती करणं किंवा सरकारने घर विकत घेणं.

घरं वाढवायची, पण कुठे?

इथे शहराचे तीन नियम एकमेकांना भिडतात.

एक, १९४६ किंवा त्याआधी बांधलेल्या घरांच्या अनेक गल्ल्यांना संरक्षण आहे. ती सहजासहजी पाडता येत नाहीत. हे बहुतेक भाग शहराच्या केंद्राजवळ आणि बऱ्याचदा उंचावर आहेत.

दोन, उपनगरांमधल्या बैठ्या घरांच्या पट्ट्यात एकाला एक लागून असलेली घरं आणि अपार्टमेंट बांधायला महापालिकेने काही वर्षांपूर्वी बंदी घातली. परसातली झाडं, मोकळी हवा आणि वस्तीचं रूप टिकावं, हा हेतू. तिथल्या घरमालकांना हे पटणारं आहे. पण त्यामुळे नव्या घरांसाठीची बरीच जागा बाद झाली.

तीन, उरल्या त्या नदीकाठच्या जुन्या औद्योगिक जागा. तिथे टॉवर उभे राहू शकतात. २०२३ मध्ये महापालिकेने वेस्ट एन्डला लागून असलेल्या कुरिल्पा भागात ९० मजल्यांपर्यंत इमारतींना वाव देणारी योजना मांडली. केंद्राच्या जवळ, कामाच्या ठिकाणाला लागून, म्हणजे घरांसाठी योग्य जागा. अडचण एकच. हा भाग पुराच्या पाण्याखाली जाणारा आहे. वरच्या मजल्यांवरची घरं कोरडी राहतीलही, पण विजेची यंत्रणा तळघरात असेल, तर पूर आल्यावर लिफ्ट, पाण्याचे पंप आणि दिवे सगळंच बंद पडतं. २०११ आणि २०२२ मध्ये अनेक इमारतींत हेच झालं.

शहर पसरत बाहेर गेलं, तर जंगल कापावं लागतं आणि रोजचा प्रवास लांबतो. आत उंच वाढलं, तर पूररेषा आडवी येते. सुरक्षित उंचीवर दाट वस्ती करायची, तर तिथे आधीच राहणारे लोक विरोध करतात.

मधल्या मध्ये अडकलाय तो भाडेकरू. २०२४ मध्ये ब्रिस्बेन घरांच्या किमतीत मेलबर्नला मागे टाकून राजधान्यांमध्ये सिडनीनंतरचं सगळ्यात महाग शहर ठरलं. भाड्याने रिकामी असलेली घरं एकूण भाड्याच्या घरांच्या एक टक्क्याच्या आसपास आली. गेल्या काही वर्षांत शहराच्या बागांमध्ये तंबू ठोकून राहणारी माणसं दिसू लागली. परवडतं म्हणून सखल भागात भाड्याने राहायचं आणि पूर आला की सामान गमवायचं, हे बहुतेकदा कमी उत्पन्न असलेल्यांच्याच वाट्याला येतं. सरकारी मदतीतून घर उचलून घेण्याचा पर्याय घरमालकाला होता, भाडेकरूला नाही.

रोजचा प्रवास कसा आहे?

शहर मोटारींसाठी वाढल्यामुळे मोठमोठे बोगदे आणि टोल रस्ते झाले. त्यातले दोन प्रकल्प चांगलेच आपटले. २०१० मध्ये सुरू झालेल्या क्लेम-७ बोगद्यात अंदाजाच्या निम्मीही वाहनं आली नाहीत आणि वर्षभरात तो चालवणारी कंपनी कर्जात बुडाली. २०१२ च्या एअरपोर्ट लिंक बोगद्याच्या कंपनीचंही पुढच्याच वर्षी तेच झालं.

सार्वजनिक वाहतुकीत मात्र काही चांगले निर्णय झाले. १९९६ पासून नदीत 'सिटीकॅट' नावाच्या वेगवान फेरी धावतात. २००० नंतर फक्त बससाठी वेगळे रस्ते बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये 'ब्रिस्बेन मेट्रो' सुरू झाली. नाव मेट्रो असलं, तरी प्रत्यक्षात ती तीन डब्यांसारखी जोडलेली लांब इलेक्ट्रिक बस आहे.

सगळ्यात गाजला तो भाड्याचा निर्णय. ऑगस्ट २०२४ पासून बस, ट्रेन किंवा फेरी, अंतर कितीही असो, तिकीट फक्त ५० सेंट, म्हणजे साधारण ३० रुपये. प्रयोग म्हणून सुरू झालेली ही योजना पुढे कायम झाली. शहराबाहेर लांब राहावं लागणाऱ्यांना याचा थेट फायदा होतो.

नदीखालून आणि शहराच्या केंद्राखालून जाणारी १०.२ किलोमीटरची क्रॉस रिव्हर रेल ही नवी मार्गिकाही होते आहे. तिचा सुरुवातीचा अंदाज ५४० कोटी डॉलर होता. आता खर्च आणि मुदत दोन्ही त्याच्या खूप पुढे गेले आहेत.

ऑलिम्पिकवरून वाद का?

जुलै २०२१ मध्ये ब्रिस्बेनला २०३२ चं यजमानपद मिळालं. सुरुवातीची कल्पना होती गाबाच पाडून नव्याने बांधायचं. खर्च वाढतोय म्हणून २०२४ मध्ये ती सोडून देण्यात आली. त्याच वर्षी निवडणुकीत नवं स्टेडियम बांधणार नाही, असं सांगून डेव्हिड क्रिसाफुली यांचा पक्ष सत्तेवर आला. मार्च २०२५ मध्ये त्यांच्याच सरकारने व्हिक्टोरिया पार्कमध्ये ६३ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम जाहीर केलं. त्याचा अपेक्षित खर्च ३८० कोटी डॉलर.

व्हिक्टोरिया पार्क ही केंद्राजवळ उरलेली मोठी हिरवी जागा आहे. पूर्वी तिथे गोल्फचं मैदान होतं. ते बंद करून जनतेसाठी मोठं उद्यान करण्याचं काम महापालिकेने हाती घेतलं होतं. आदिवासी समाजासाठी ही जागा 'बॅरम्बिन' आहे, त्यांच्या पूर्वजांच्या मुक्कामाची जागा. त्यामुळे रहिवासी आणि आदिवासी गट दोघांचाही स्टेडियमला विरोध आहे. पण ऑलिम्पिकच्या प्रकल्पांना नियोजन, पर्यावरण आणि वारसाविषयक अनेक कायद्यांतून सूट देणारा कायदा सरकारने २०२५ मध्ये केला. त्यामुळे त्यांच्या हातातले मार्ग कमी झाले.

सरकारचं म्हणणं असं, की गाबा जुनं झालंय, शहराला मोठं मैदान लागणारच आहे आणि ऑलिम्पिकमुळे रखडलेले वाहतूक प्रकल्प मार्गी लागतील. खेळाडूंसाठी बांधलेली घरं नंतर लोकांना मिळतील.

मग ब्रिस्बेन राहण्यायोग्य आहे का?

ज्याचं उंचावर स्वतःचं घर आहे, त्याच्यासाठी नक्कीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जांभळ्या जॅकरँडाने भरलेले रस्ते, मोफत नदीकाठ, ५० सेंटांत फेरी, यापेक्षा शहराकडून जास्त काय मागायचं? नव्याने आलेला विद्यार्थी, नर्स किंवा बांधकाम कामगार यांच्यासाठी उत्तर इतकं सोपं नाही. त्यांच्यापैकी कुणी ब्रिस्बेनमध्ये घर शोधत असेल, तर एक काम आधी करावं. महापालिकेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या जागेला नदीच्या, ओढ्याच्या किंवा पावसाच्या पाण्याचा किती धोका आहे, हे मोफत कळतं. भाडं स्वस्त दिसलं, तर त्याचं कारण कधी कधी याच नकाशात असतं.

शहराने काही धडे घेतलेही आहेत. न्यू फार्म भागात नदीवर तरंगता पादचारी मार्ग होता. २०११ च्या पुरात तो तुटला आणि त्याचा ३०० मीटरचा तुकडा वाहत निघाला. तो पुढच्या पुलावर आदळू नये म्हणून एका छोट्या टग बोटीने त्याला ढकलत सुखरूप खाली नेलं. २०१४ मध्ये तो मार्ग पुन्हा बांधला तेव्हा तरंगता न ठेवता नदीच्या तळात खोल रोवलेल्या खांबांवर उभा केला.

रॉकली आणि शेजारच्या इप्सविचमधल्या गुडनासारख्या सखल भागांत २०२२ नंतर सरकारने विकत घेतलेली घरं पाडली गेली. त्या प्लॉटवर आता पुन्हा घर बांधता येत नाही, तिथे मोकळी जागाच राहणार. पण अशी एकेक वस्ती रिकामी होत असताना, तिथून उठलेल्यांना आणि नव्याने येणाऱ्या लाखो लोकांना परवडेल अशी जागा पूररेषेच्या वर कुठे मिळणार, हे शहराने अजून ठरवलेलं नाही.